घड्याळ कोणत्या खात्यात लिहावे?

दीपावलीच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाची पूजा आणि सायंकाळी वहीपूजन, हा व्यापारी जैन कुटुंबांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम आहे. हिशेब आता संगणकावर गेले असले तरी एक तरी लाल वही अजूनही आणली जाते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते आणि 'शुभ', 'लाभ' ही दोन अक्षरजोडपी लिहिली जातात. या वहीचा मूळ नियम फार साधा आहे. घरातून गेलेला प्रत्येक रुपया कोणत्या तरी खात्यात लिहिला गेला पाहिजे, आणि तो ज्या खात्याचा आहे त्याच खात्यात लिहिला गेला पाहिजे. दुकाने बुडतात ती केवळ तोट्यामुळे नव्हे. पुष्कळदा खर्च हा गुंतवणूक म्हणून लिहिला गेल्यामुळे बुडतात, आणि ते उघडकीस येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

बार्शीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून भुसार मालाची अडत करणाऱ्या एका कुटुंबात वीर निर्वाण संवत २५५२ची वही पूजल्यानंतर असाच एक प्रश्न उभा राहिला. घरातील नातू २६ वर्षांचा. पुण्याहून व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेऊन दोन वर्षांपूर्वी दुकानात बसू लागलेला. एका नामांकित स्विस कंपनीच्या पोलादी घड्याळासाठी त्याने मोठ्या शहरातील अधिकृत दालनात नाव नोंदवून ठेवले होते. घड्याळ आल्याचा निरोप नेमका त्याच आठवड्यात आला. किंमत १२ लाख रुपये. कार्तिकात मुदत संपणारी तेवढ्याच रकमेची एक ठेव बँकेत होती. ती ठेव धाकट्या बहिणीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बाजूला काढलेली होती. तिला ते पैसे दोन वर्षांनी लागणार होते.

नातवाचे म्हणणे अविचाराचे होते असे म्हणता येणार नाही. त्याने मोबाइलवर भावाचे आलेख दाखवले आणि सांगितले, "पप्पा, दालनातून बाहेर पडताच या घड्याळाला जास्त किंमत येते. ठेवीत काय मिळते? हे दोन वर्षांत वाढेल, ताईच्या प्रवेशाच्या वेळी विकता येईल, आणि तोवर वापरताही येईल." वडील काही बोलले नाहीत. आईने ठेवीची पावती पुन्हा कपाटात ठेवली. आजोबांनी मात्र एवढेच विचारले, "अरे, वहीत हे कोणत्या खात्यात लिहायचे?"

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. सोने, जमीन आणि शेअर यांच्या पंक्तीत आता घड्याळही येऊन बसले आहे. समाजातील तरुण मुले घड्याळांना 'ॲसेट' म्हणू लागली आहेत आणि लग्नात जावयाला द्यायच्या घड्याळाचे समर्थनही 'पैसे कुठे जात नाहीत' या शब्दांनी होऊ लागले आहे. म्हणून आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर सावकाश शोधणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. महाग घड्याळाची किंमत ही अचूक वेळेची किंमत नसते. जपानच्या सैको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीएवढी होती. आज क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारे सेलचे घड्याळ काही शे रुपयांत मिळते आणि महिन्याला सुमारे १५ सेकंदांच्या पलीकडे सहसा चुकत नाही. याउलट, स्वित्झर्लंडमधील अधिकृत कसोटी उतरलेल्या चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळालाही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. सेलच्या घड्याळांनी स्विस उद्योगाची अशी दाणादाण उडवली की १९७०च्या सुमारास तेथे सुमारे ९० हजार लोक या धंद्यात होते, ते १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आले. पुढे तो उद्योग सावरला, पण वेळ सांगण्याच्या बळावर नव्हे. कारागिरी, दुर्मिळता आणि प्रतिष्ठा विकून तो सावरला. या तिन्ही गोष्टींना मोल आहे यात शंका नाही; परंतु ते मोल समोरच्याच्या मनात असते आणि मन बदलते.

ते किती बदलते हे अलीकडेच दिसले. महासाथीच्या काळात व्याजदर खाली होते, घरी बसलेल्या लोकांच्या हाती पैसा आणि रिकामा वेळ होता, आभासी चलनांत अनेकांना झटपट नफा झाला होता. या सगळ्याचा ओघ घड्याळांकडे वळला. रोलेक्सचे डेटोना, पाटेक फिलिपचे नॉटिलस, ऑदमार पिगेचे रॉयल ओक अशा निवडक घड्याळांचे दुय्यम बाजारातील भाव छापील किमतीच्या कित्येक पट झाले. २०२२च्या आरंभी हे भाव शिखरावर होते. त्यानंतर व्याजदर चढले, आभासी चलने कोसळली आणि घड्याळांचे भावही उतरणीला लागले. काही गाजलेल्या मॉडेलांचे भाव शिखरापासून एक तृतीयांशाहून अधिक खाली आले. नातवाने दाखवलेला आलेख खोटा नव्हता. तो कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच पाहायचे राहिले होते. तुरीच्या भावाचा आलेख एवढ्या भोळेपणाने कोणत्याही अडत्याने पाहिला नसता.

यावर कोणी म्हणेल की ही फॅशनची घड्याळे झाली. खरोखर थोर घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी. तेही तपासून पाहावे. न्यू यॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्हज यांच्यासाठी पाटेक फिलिप कंपनीने एक खिशातील घड्याळ घडवले आणि १९३३ मध्ये त्यांच्या स्वाधीन केले. चंद्रकला, सूर्योदय-सूर्यास्त, न्यू यॉर्कच्या आकाशातील तारे, घंटानाद अशी २४ निरनिराळी कामे ते करते. संगणकाच्या साहाय्याविना घडवलेल्या घड्याळांत ते सर्वांत गुंतागुंतीचे मानले जाते. १९९९ मध्ये लिलावात ते सुमारे १ कोटी १० लाख डॉलरना गेले. ११ नोव्हेंबर २०१४ रोजी जिनिव्हा येथे ते पुन्हा लिलावात आले आणि सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना विकले गेले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली. आता चक्रवाढीचे गणित करावे. १५ वर्षांत रक्कम दुपटीहून थोडी अधिक झाली. म्हणजे वार्षिक वाढ सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. याच काळात डॉलर सुमारे साडेत्रेचाळीस रुपयांवरून साडेएकसष्ट रुपयांवर गेला. तो फरक जमेस धरूनही एखाद्या भारतीयाच्या हिशेबाने ही वाढ पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास येते. तिच्यातून विमा, सुरक्षितता आणि लिलावगृहाचा खर्च वजा व्हायचा आहे. जगातील सर्वांत विख्यात घड्याळाची ही कथा आहे. बार्शीच्या मनगटावरील घड्याळाने तिच्यापुढे जावे, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

या लिलावाला आणखी एक किनार आहे. ज्यांच्याकडे ते घड्याळ होते, त्या आखाती राजघराण्यातील संग्राहकाचे निधन लिलावाच्या अवघे दोन दिवस आधी झाले. चंद्राच्या कला आणि ताऱ्यांच्या जागा दाखवणारे ते यंत्र आपल्या धन्याची वेळ सांगू शकले नाही.

दुसरे उदाहरण अभिनेते पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोनाचे. मोटारशर्यतीत भाग घेणाऱ्या पतीने जपून गाडी चालवावी, अशा अर्थाचे शब्द मागच्या बाजूस कोरून त्यांच्या पत्नीने ते भेट दिले होते. त्या वेळी त्या प्रकारच्या तबकडीच्या घड्याळांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. न्यूमन यांनी ते वर्षानुवर्षे वापरले आणि पुढे मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यू यॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. गुंतवणुकीचे प्रवचन करणारे ही गोष्ट हटकून सांगतात. तिच्यातील अर्थ मात्र त्यांच्या सोयीचा नाही. ते घड्याळ घेणाऱ्या पत्नीने, वापरणाऱ्या पतीने किंवा स्वीकारणाऱ्या तरुणाने, कोणीही ते नफ्यासाठी घेतले नव्हते. त्याची किंमत झाली ती न्यूमन यांच्या मनगटामुळे. तसे मनगट दुकानात विकत मिळत नाही.

आता घरचा हिशेब मांडावा. मनगटी घड्याळावर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. १२ लाखांच्या पावतीत सुमारे १ लाख ८३ हजार रुपये हा केवळ कर असतो. दुकानाच्या मालावरील कराची वजावट मिळते. स्वतःच्या मनगटावरील घड्याळाच्या कराची मिळत नाही, आणि ते दुकानाच्या नावे घेऊन वजावट मागणे हे सरळ खोटे लेखन ठरते. १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याला एक टक्का आयकर आगाऊ गोळा करावा लागतो. तो विवरणपत्रात जमा मिळतो, म्हणून तो खर्च नव्हे. परंतु खरेदीची नोंद आयकर खात्याकडे पोहोचते, हे ध्यानी असावे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याची बंदी आहे. 'पावतीविना थोडे कमी करतो' असे सांगणाऱ्याकडे क्षणभरही थांबू नये. तेथे कायदाही मोडतो, आणि कागद नसलेले घड्याळ विकायला गेल्यावर किंमतही मोडते.

समजा, हे १२ लाख रुपये सात टक्के चक्रवाढीने १० वर्षे ठेवले, तर २३ लाख ६० हजार होतात. घड्याळाने तेवढेच पदरात टाकायचे तर काय व्हावे लागेल? चावीच्या व ऑटोमॅटिक घड्याळाची काही वर्षांनी पूर्ण उघडून सफाई करावी लागते. दहा वर्षांत एकदाच, ६० हजार रुपये धरू. विमा आणि लॉकर मिळून वर्षाला १० हजार धरू, म्हणजे एक लाख. विकताना मधल्या व्यापाऱ्याने दहा टक्के ठेवले असे मानू. या गृहीतांवर ते घड्याळ २८ लाखांना विकले गेले, तरच ठेवीची बरोबरी होते. म्हणजे त्याचा भाव दर वर्षी पावणेनऊ टक्क्यांनी, एकदाही न चुकता वाढला पाहिजे. ठेवीच्या व्याजावर ३० टक्के आयकर जातो असे धरून घड्याळाला सवलत दिली, तरीही ही गरज सात टक्क्यांच्या खाली फारशी येत नाही. आणि एवढे करून केवळ बरोबरी होते, नफा नाही. बहिणीच्या शिक्षणासारखी दोन वर्षांची मुदत असेल, तर कर आणि दलाली भरून निघण्यास अवधीच उरत नाही.

व्यापाऱ्यासाठी तुलना ठेवीशीही नव्हे. भांडवल फिरते तेव्हा कमावते. हंगामात तेच पैसे शेतकऱ्याला उचल, माल, विक्री, वसुली या फेऱ्यातून वर्षाकाठी कितीदा तरी जातात आणि प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे मिळवून येतात. घड्याळ हा गोदामात पडून राहिलेला माल आहे. त्याचे गिऱ्हाईक गावात नाही, भाव दुसऱ्याला ठाऊक आहे, पारख तिसऱ्याकडे आहे, आणि प्रतवारी ठरवणारी बाजार समिती नाही. सोने कोणताही सराफ तोळ्यावर घेतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र मूळ डबा, हमीपत्र, सुटे भाग, पूर्वी केलेले पॉलिश या प्रत्येक बाबीवर किंमत उतरते. खऱ्या कवचात परके भाग बसवलेली घड्याळे बाजारात इतकी आहेत की जाणकारही फसतात. ज्या मालाची पारख आपल्याला नाही, तो माल भरू नये, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. माल चकाकणारा असला की तो नियम विसरला जातो, एवढेच.

दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क, जे २० टक्क्यांच्या आसपास होते, ते काही वर्षांत टप्प्याटप्प्याने हटणार आहे. नव्या मालावरचे शुल्क उतरणार असेल, तर जुन्या शुल्कासह घेतलेल्या मालाचे काय होते, हे सांगण्यासाठी बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही. दुसरी गोष्ट आयकराची. वैयक्तिक वापराच्या चीजवस्तू भांडवली मालमत्तेत धरल्या जात नाहीत, पण दागिने धरले जातात. सोन्याचे वा रत्नजडित घड्याळ त्या व्याख्येत जाऊ शकते. आणि घड्याळे नफ्यासाठी वारंवार घेणे-विकणे हा धंदाच समजला जाऊ शकतो. म्हणून 'वापरतो' आणि 'गुंतवणूक आहे' ही दोन्ही विधाने सोयीनुसार आलटूनपालटून करता येत नाहीत. घेण्यापूर्वीच आपल्या करसल्लागाराला विचारावे.

येथवर वाचून कोणी समजेल की घड्याळाचा छंदच निंद्य ठरवला जात आहे. तसे मुळीच नाही. काळाशी जैन घराइतके जवळचे नाते क्वचितच कोणाचे असेल. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे झाल्यावर नवकारसी; सूर्यास्तापूर्वी चौविहार; दोन घटिकांचे सामायिक. वाळूच्या घटिकायंत्रातून सरणारी वाळू पाहत आजीशेजारी स्वस्थ बसलेले बालपण कित्येकांच्या स्मरणात आहे. घटिका मोजणारे ते घड्याळ. अशा घरातील मुलाला तबकडीखाली धडधडणारी कमान आणि चक्रे यांचे वेड लागले, तर त्यात वावगे काही नाही. ते यंत्र माणसाच्या बुद्धीचे आणि बोटांचे एक सुंदर फळ आहे.

शिवाय या छंदाला लाखो रुपये लागतात, हाच एक गैरसमज आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळे बनवण्यास आरंभ केला. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' या नावांनी निदान दोन पिढ्यांची मनगटे सजवली. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला किंवा नव्या जावयाला एचएमटी देणे ही त्या काळची रीतच होती. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू शासनाचे महामंडळ यांच्या सहभागातून टायटन उभी राहिली, सेलच्या घड्याळांनी बाजार व्यापला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास मान्यता दिली. ती जुनी घड्याळे आजही काही हजार रुपयांत मिळतात. त्यांतही नवी रंगीत तबकडी चढवून 'जुने अस्सल' म्हणून विकण्याचे प्रकार आहेतच; तरी चूक झाली तर घर हलत नाही, आणि त्या चुकीतून पारख येते. शिकण्याची फी परवडणारी असावी.

जैन ग्राहकाने विचारावा असा एक प्रश्न दुकानदार आपण होऊन कधी काढत नाही. पुष्कळ उंची घड्याळांचे पट्टे वासराच्या किंवा मगरीच्या कातड्याचे असतात. कित्येकदा डब्यालाही चामडे असते. चामड्याची चप्पल न घालणाऱ्या घरात कातड्याचा पट्टा केवळ परदेशी नाममुद्रेमुळे शिरू नये. पोलादी साखळी, रबर किंवा कापडी पट्टा हे पर्याय असतात. कातड्याचा मूळ पट्टा काढून टाकला तर पुनर्विक्रीत किंमत कमी येईल, असे विक्रेता सांगेल. त्याच क्षणी आपली परीक्षा होते: घड्याळ आपल्यासाठी घेतले आहे, की पुढच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी?

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आगमात आहे. उपासकदशांगात भगवान महावीरांचे उपासक, वाणिज्यग्रामचे आनंद श्रावक यांची संपत्ती वर्णिली आहे. ते निर्धन नव्हते. चार कोटी सुवर्णमुद्रा त्यांनी निधान म्हणून सुरक्षित ठेवल्या होत्या, चार कोटी वृद्धीसाठी व्यापारात लावल्या होत्या आणि चार कोटी घराच्या पसाऱ्यात, म्हणजे वापराच्या चीजवस्तूंत होत्या. त्याखेरीज ४० हजार गाई. भगवंतांपुढे व्रते घेताना त्यांनी या सर्वांची मर्यादा बांधून घेतली, आणि उपभोगाच्या वस्तूंची तर एकेक करून. एवढ्या धनाढ्य पुरुषाने दागिन्यांत केवळ साधी कर्णभूषणे आणि नाव कोरलेली अंगठी एवढेच राखले.

निधान, वृद्धी आणि पसारा ही तीन खाती आजही जशीच्या तशी उपयोगी आहेत. संकटासाठी आणि ठरलेल्या कर्तव्यांसाठी ठेवलेला पैसा निधानात; दुकान, शेअर, व्याजी पैसा वृद्धीत; घर, गाडी, वस्त्रे, दागिने आणि घड्याळ पसाऱ्यात. पसाऱ्याचे खाते असणे हा दोष नव्हे. ते आनंद श्रावकांचेही होते. दोष तेव्हा घडतो, जेव्हा पसाऱ्यातील वस्तू वृद्धीच्या खात्यात लिहिली जाते आणि तिच्यासाठी निधानाला हात घातला जातो. कारण पसाऱ्याला मर्यादा सुचते, वृद्धीला सुचत नाही. 'मला दोन घड्याळे पुरेत' असे माणूस म्हणू शकतो. 'मला दोनच नफे पुरेत' असे कोणी म्हणत नाही. छंदाला गुंतवणुकीचे नाव दिले की मर्यादेचे व्रत हळूच बाजूला सरते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छा, म्हणजे आसक्ती अशी सांगितली आहे. रोज सकाळी घड्याळ मनगटावर बांधताना वेळेऐवजी भाव आठवू लागला, तर ती मूर्च्छा सुरू झाली असे समजावे.

म्हणून ज्याला घ्यायचेच आहे त्याने काही पथ्ये पाळावीत. घड्याळ स्वतःच्या कमाईतून, वर्षाच्या शिलकेतील लहान भागातून घ्यावे. हप्त्याने किंवा कर्ज काढून कधीही नाही. उद्या त्याची किंमत शून्य झाली तरी घरातील कोणाचे काही अडणार नाही, एवढीच रक्कम लावावी. किती घड्याळे ठेवायची ते आधी ठरवावे. नवे आले तर एक कोणाला तरी द्यावे. पावती, डबा आणि हमीपत्र जपावे, घरच्यांना त्याची जागा आणि किंमत ठाऊक असावी. आणि खरेदीची नोंद त्याच दिवशी खर्चात करावी. पुढेमागे काही पैसे आले तर ते नशिबाचे, हिशेबाचे नव्हेत.

बार्शीच्या त्या घरात त्या रात्री वाद झाला नाही. आजोबांनी माळ्यावरून जुन्या वह्यांचे गाठोडे उतरवायला सांगितले. १९६८ सालच्या वहीत, लग्नाच्या महिन्यात, त्यांच्या स्वतःच्या नावे उचल खात्यात एक नोंद होती: एचएमटी घड्याळ. आजोबांच्या वडिलांनी दुकानाच्या पैशाने घड्याळ घेऊ दिले होते, पण ते मालात किंवा भांडवलात लिहू दिले नव्हते. पुढच्या पानांवर दर महिन्याच्या पगारातून कापलेली रक्कम होती, आणि शेवटी खाते पुरे झाल्याची रेघ. नातवाने ती पाने दोनदा पाहिली. मग स्वतःच कागद घेऊन वरच्यासारखे आकडे मांडले. दुसऱ्या दिवशी दालनाला नकार कळवला. ठेव दोन वर्षांसाठी पुन्हा ठेवली गेली, या वेळी बहिणीच्या नावे.

छंद मात्र गेला नाही, आणि जायचे कारणही नव्हते. वडिलांनी त्याला एवढेच सांगितले की पगार तुझा, शौक तुझा. फक्त उचल खात्यात लिही. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ घेऊन तो पांडे चौकाच्या अलीकडच्या एका वृद्ध घड्याळजीकडे गेला. त्यांनी ते उघडून साफ केले, कमान बदलली आणि ते यंत्र कसे चालते हे शेजारी बसवून दाखवले. आता नातू रोज सकाळी त्याला चावी देतो. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते. त्यामुळे आजी नवकारसीसाठी अजून भिंतीवरचेच घड्याळ पाहते.